दोन शहरांचीं अंदाजपत्रकें

फेब्रुवारी महिना उजाडला कीं मध्यवर्ती सरकारच्या अंदाजपत्रकाकडे साऱ्या देशाचे डोळे लागतात, वर्तमानपत्रांचे रकाने करांच्या वाढघटीनें भरून जातात, आणि घरोघरीं प्राप्तिकराची आंकडेमोड सुरू होते. याच महिन्यांत, घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या नगरपरिषदेच्या सभागृहांतही एक अंदाजपत्रक मंजूर होत असतें. परंतु त्याची वार्ता फारशी कोणाच्या कानीं पडत नाहीं. वास्तविक सकाळीं नळाला पाणी किती वेळ राहील, गल्लींतला दिवा लागेल कीं नाहीं, गटार केव्हां उपसलें जाईल आणि बाजाराच्या दिवशीं रस्त्यावरचा चिखल कोण काढील, हें सारें ठरतें तें या दुसऱ्या अंदाजपत्रकांत. दिल्लीचा अंदाज चुकला तर त्याचा धक्का अनेक वळणें घेत घरापर्यंत येतो. नगरपरिषदेचा चुकला तर तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं नळावरच जाणवतो.

संसारी गृहस्थ आधीं मिळकत पाहतो आणि मग खर्चाचा हात आंखडतो किंवा सैल सोडतो. मोठीं सरकारें याच्या उलट चालतात. तीं आधीं खर्च ठरवितात आणि मग कर बसवितात, कर्ज काढतात, प्रसंगीं तूट सोसतात. नगरपरिषदेची स्थिति या दोहोंच्या मधली आहे. तिला कर बसविण्याचा अधिकार आहे, पण तो कायद्यानें आंखून दिलेल्या मर्यादेंत. तिला कर्ज काढतां येतें, पण राज्य शासनाच्या मंजुरीवांचून नाहीं. तूट दाखवून वर्ष काढणें तर तिला शक्यच नसतें. म्हणजे तिचा दर्जा सरकारचा, जबाबदारी सरकारची, आणि खिसा मात्र गृहस्थाचा. या ओढाताणींतूनच तिच्या अंदाजपत्रकाचे सर्व गुणदोष उत्पन्न होतात.

ही ओढाताण समजून घेण्यासाठीं पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन शेजारच्या शहरांकडे पाहणें सोयीचें होईल. एक मोरोपंतांची बारामती आणि दुसरें मालोजीराजांच्या गढीचें इंदापूर. दोहोंमध्यें अंतर सुमारें ५० किलोमीटरांचें. बारामती कऱ्हेच्या कांठीं वसलेली. तेथील म्युनिसिपालिटी १८६५ सालीं स्थापन झाली. म्हणजे देशांत राष्ट्रीय सभा जन्मास येण्याच्या २० वर्षें आधीं या गांवच्या दिवाबत्तीचा व झाडलोटीचा हिशेब ठेवला जाऊं लागला होता. इंदापूर हें पुणें-सोलापूर हमरस्त्यावरचें जुनें कसब्याचें गांव. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहूं लागला, आणि दुष्काळानें होरपळणाऱ्या या दोन्ही तालुक्यांत ऊंस आणि गुळाचा व्यापार आला. १९१४ सालीं दौंड-बारामती रेल्वे सुरू झाली व बारामतीची पेठ अधिक भरभराटली. २०११ च्या जनगणनेंत बारामतीची लोकसंख्या ५४,४१५ आणि इंदापूरची २५,५१५ भरली. कायदा एक, जिल्हा एक, कालवा एक; पण एका शहराची वस्ती दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक. अशा दोन घरांचे जमाखर्च एकाच नमुन्याच्या वहींत मांडावयाचे असतात.

ती वही कशी तयार होते हें आधीं पाहूं. दोन्ही नगरपरिषदा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्याखालीं चालतात. हिंवाळ्यांत पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य, दिवाबत्ती अशा प्रत्येक खात्याकडून मागण्या गोळा होतात. मुख्याधिकारी व लेखापाल त्या एकत्र जुळवितात. स्थायी समिति त्यांवर चर्चा करते. आणि फेब्रुवारीअखेर खास सभा भरून संपूर्ण नगरपरिषद अंदाजपत्रकावर मत देते. प्रत्येक शीर्षासमोर तीन प्रकारचे आंकडे असतात: मागील वर्षीं प्रत्यक्ष काय घडलें, चालू वर्षाचा सुधारलेला अंदाज काय, आणि पुढील वर्षीं काय घडेल अशी अपेक्षा आहे. यांपैकीं पहिला रकाना इतिहासाचा, दुसरा अनुभवाचा आणि तिसरा आशेचा. पहिल्या दोहोंकडे न पाहतां जो केवळ तिसरा वाचतो त्याची फसगत ठरलेली. ज्या शीर्षाखालीं मागील वर्षीं ४० जमले आणि चालू वर्षीं ४५ जमतील असें दिसतें, त्याच शीर्षाखालीं पुढील वर्षीं ९० धरले असतील, तर दुप्पट कशानें होणार हा प्रश्न सभासदानें विचारलाच पाहिजे. अंदाजपत्रकाची परीक्षा करण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची जरूरी नाहीं. तीन रकाने शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्याची संवय पुरे आहे.

आतां जमेच्या बाजूकडे वळूं. पुष्कळ वर्षेंपर्यंत महाराष्ट्रांतील लहानमोठ्या म्युनिसिपालिट्यांचा मुख्य आधार जकात हा होता. गांवाच्या वेशीवर नाकें, नाक्यावर कारकून, आणि आंत येणाऱ्या प्रत्येक मालाच्या गाडीवर कर, अशी ती व्यवस्था होती. व्यापाऱ्यांना ती जाचक वाटे, आणि तिच्यांत गैरप्रकारांना वावही पुष्कळ असे. परंतु तिचा एक गुण असा कीं पैसा रोज हातीं येई, आणि गांवचा व्यापार वाढला कीं म्युनिसिपालिटीचें उत्पन्न आपोआप वाढे. १९९९ सालीं राज्यांतील नगरपरिषदांच्या हद्दींतून जकात उठविण्यांत आली आणि तिच्या बदल्यांत शासनाकडून सहाय्यक अनुदान सुरू झालें. नाकीं गेलीं हें चांगलेंच झालें. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. बाजारपेठेची भरभराट आणि नगरपरिषदेची तिजोरी यांना जोडणारा धागा तुटला. आज पेठेंत उलाढाल दुप्पट झाली म्हणून नगरपरिषदेच्या पदरीं दुप्पट पडत नाहीं. अनुदान मुंबईहून येतें. आणि त्याचा मोठा भाग नोकरवर्गाच्या वेतनांतच संपतो.

मग स्वतःचें म्हणावें असें काय उरतें? घरपट्टी, पाणीपट्टी, नगरपरिषदेच्या गाळ्यांचें भाडें, आठवडे बाजाराची वसुली, बांधकाम परवानगीचे आकार, आणि कांहीं किरकोळ बाबी. यांत घरपट्टी ही कणा होय. कायद्याप्रमाणें दर चार वर्षांनीं घरांची नवी आकारणी व्हावयाची असते. आकारणी होते तेव्हां सारें गांव जागें होतें. हरकतींचे अर्ज येतात, सुनावण्या होतात, मोर्चे निघतात. पुष्कळ ठिकाणीं सभासद या रोषास भिऊन आकारणी पुढें ढकलतात, आणि मग दहाबारा वर्षांची वाढ एकदम येऊन पडल्यामुळें रोष अधिकच भडकतो. सावकाश वाढणारा कर लोक कुरकुरत कां होईना भरतात. कुंभकर्णाप्रमाणें झोपून एकदम उठणारा कर कोणासच सोसत नाहीं.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. घरपट्टीच्या बिलांत जितकी रक्कम दिसते तितकी सर्व नगरपरिषदेची असते अशी सर्वसाधारण समजूत आहे. तसें नाहीं. त्या बिलांत शिक्षण कर आणि रोजगार हमी कर यांच्याही ओळी असतात. हे कर १९६२ च्या कायद्यान्वयें राज्य शासनाचे आहेत. नगरपरिषद ते केवळ गोळा करून सरकारजमा करते. शेजारच्याचे पैसे खिशांत घालून बाजारास निघालेल्या मनुष्यासारखी तिची अवस्था असते. हा परका पैसा चार महिने जवळ राहिला आणि त्यांतून बिलें भागविलीं, कीं तो परत करण्याच्या वेळीं ओढ बसते. ठेकेदारांच्या अनामत रकमांचीही हीच गोष्ट. म्हणूनच चांगल्या अंदाजपत्रकांत अशा रकमा निराळ्या दाखविलेल्या असतात; आणि शिलकेचा मोठा आंकडा पाहून हुरळून जाण्यापूर्वीं, यांतली आपली किती आणि परकी किती, असें विचारावें लागतें.

परंतु लहान शहराच्या अंदाजपत्रकांतील सर्वांत मोठा दोष याहून साधा आहे. तो म्हणजे मागणीला वसुली समजणें. समजा, एखाद्या शहराची चालू वर्षाची घरपट्टीची मागणी १०० रुपये आहे आणि मागील थकबाकी ६० रुपये आहे. लेखापाल जमेच्या रकान्यांत १६० मांडतो. कागदावर तें चूक नाहीं, कारण तितकें येणें आहेच. पण गेल्या तीन वर्षांचा अनुभव असा असावा कीं चालू मागणीपैकीं ७० आणि थकबाकीपैकीं १० इतकेच हातीं येतात. म्हणजे प्रत्यक्ष जमा ८०, आणि १६० च्या भरंवशावर रस्ते, गटारें आणि दिवे मंजूर झालेले. वर्षाच्या अखेरीस होतें तें असें: ज्यांची कामें आधीं निघालीं त्यांचीं बिलें निघतात, आणि ज्यांचीं उशिरां निघालीं त्यांचीं पुढील वर्षावर जातात. पुढील वर्षाची सुरवातच मग मागील वर्षाच्या देण्यानें होते. अंदाजपत्रकांत तूट कोठेंच दिसत नाहीं. ती ठेकेदाराच्या टेबलावरील न भागलेल्या बिलांत आणि गल्लींतल्या अर्धवट रस्त्यांत दडून बसलेली असते.

थकबाकीला आणखी एक विचित्र फांटा आहे. वेळेवर न भरलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. हेतु चांगला, पण परिणाम असा कीं जो मनुष्य दोनचार वर्षें भरीत नाहीं त्याच्या नांवावरची रक्कम इतकी फुगते कीं ती भरण्याची उमेदच तो सोडून देतो. नगरपरिषदेच्या वहींत मात्र येणें वाढत जातें आणि जमेचा अंदाज अधिकच संपन्न दिसूं लागतो. २०२५ सालीं राज्य शासनानें नगरपरिषदांच्या अशा शास्तीवर सवलत देणारी अभय योजना आणली. अडलेली मूळ रक्कम मोकळी व्हावी हा तिचा उद्देश. तिच्यावर दोन मतें संभवतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं कधींच न येणाऱ्या शास्तीपेक्षां हातीं येणारी मूळ पट्टी बरी. दुसरा पक्ष म्हणतो कीं एप्रिल महिन्यांतच रांगेंत उभें राहून पट्टी भरणाऱ्या मनुष्यास यांत काय मिळालें? त्यास एवढेंच शिकावयास मिळालें कीं थांबलें असतां लाभ होतो. या दुसऱ्या आक्षेपाचें वजन लक्षांत घेतलें पाहिजे. कारण नगरपरिषदेचें खरें भांडवल तिजोरींत नसून वेळेवर पट्टी भरणाऱ्यांच्या संवयींत असतें.

खर्चाच्या बाजूस सर्वांत बोलकें शीर्ष पाण्याचें. बारामतीचें पाणी येतें नीरा डाव्या कालव्यांतून. कालवा शेतीचा, त्याला पाणी सुटतें तें आवर्तनाच्या हिशेबानें. कालवा वाहता असेल तेव्हां साठवण तलाव भरून घ्यावयाचे आणि पुढील आवर्तनापर्यंत ते पुरवावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. म्हणजे तलावांत गाळ किती सांचला, गळती किती होते आणि पुढील आवर्तन किती दिवस लांबलें, यांवर शहराची तहान अवलंबून. इंदापूरचा प्रकार निराळा. १९८० सालीं भीमेवर उजनीचें धरण पुरें झालें आणि त्याचें पाणी तालुक्याच्या उत्तर सीमेवर दूरवर पसरलें. या जलाशयांतून इंदापूर शहरास पाणी उचलून घ्यावें लागतें. पाणी उचलणें म्हणजे वीज, आणि वीज म्हणजे दरमहा चुकवितां न येणारें बिल. एका शहराची चिंता साठविण्याची, दुसऱ्याची उपसण्याची. बारामतीच्या सभासदानें तलावाच्या दुरुस्तीची रक्कम कापली तर त्याचें फळ पुढील उन्हाळ्यांत दिसतें. इंदापूरच्या सभासदानें विजेचा अंदाज कमी धरला तर तें त्याच तिमाहींत दिसतें.

पाणी कोठूनही येवो, त्याचा खर्च पाणीपट्टींतून निघावा ही सर्वमान्य गोष्ट. तरीही पुष्कळ लहान शहरांत पाणीपट्टी नळाच्या जाडीवर ठोक आकारली जाते. कोणीं किती पाणी वापरलें याच्याशीं तिचा संबंध नसतो. अंगणांत मोटार धुणारा आणि दोन हंडे भरणारा यांची पट्टी एकच. शिवाय पट्टी वाढविण्याचा ठराव निवडणुकीच्या आधीं कोणी आणीत नाहीं आणि निवडणुकीनंतर कोणास आठवत नाहीं. परिणाम असा कीं पाण्याची तूट घरपट्टींतून भरून निघते, आणि घरपट्टीनें जें करावयाचें, म्हणजे रस्ते, दिवे आणि सफाई, तें मागें पडतें. पाणी स्वस्त ठेवल्याचें श्रेय सर्वजण घेतात. गटार तुंबल्याचा दोष मात्र सफाई कामगारावर येतो. त्या दोहोंतला संबंध अंदाजपत्रकांतच काय तो उघड दिसतो.

आतां अनुदानांचा प्रश्न. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें, जी १९९३ सालीं अंमलांत आली, शहरांच्या स्थानिक संस्थांना घटनेंत स्थान मिळालें आणि बाराव्या परिशिष्टांत १८ विषय त्यांच्याकडे सोंपविण्याजोगे म्हणून नमूद झाले. विषय दिले, पैसे मात्र त्या मानानें दिले नाहींत, ही तक्रार तेव्हांपासून आहे. पैसे येतात ते बहुतेक ठराविक कामाला बांधून. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ या काळासाठीं लहान शहरांस दिलेल्या अनुदानापैकीं ४० टक्के मोकळे होते आणि उरलेले ६० टक्के पिण्याचें पाणी व घनकचरा या दोन कामांस निम्मेनिम्मे बांधलेले होते. शिवाय लेखापरीक्षित हिशेब प्रसिद्ध केल्याशिवाय आणि घरपट्टीची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या मानानें वाढविल्याशिवाय अनुदान नाहीं, अशी अट होती. ही अट कडक भासली तरी तिचा अर्थ सरळ आहे: ज्यास स्वतःच्या गांवांतून पट्टी गोळा करतां येत नाहीं त्यास दुसऱ्यानें किती पोसावें?

बांधलेल्या अनुदानांतून वास्तु उभ्या राहतात आणि येथेंच लहान शहराच्या पायांत खोडा पडतो. एखादी बाग, एखादें नाट्यगृह, एखादें जलशुद्धीकरण केंद्र शासनाच्या पैशानें बांधून होतें. उद्‌घाटन होतें, छायाचित्रें निघतात. दुसऱ्या दिवसापासून त्या बागेला माळी लागतो, नाट्यगृहाला पहारेकरी लागतो, केंद्राला वीज आणि तुरटी लागते. हा खर्च दरवर्षींचा, आणि तो कोणत्याही अनुदानांत बसत नाहीं. तो निघावयाचा घरपट्टींतूनच. लग्नांत आहेर म्हणून हत्ती मिळाला तर आनंद खरा, पण त्याचा चारा दारींच लागतो. म्हणून प्रत्येक नव्या वास्तूच्या ठरावासोबत तिच्या दहा वर्षांच्या देखभालीचा आंकडा जोडावा, आणि तो कोणत्या उत्पन्नांतून निघेल तेंही लिहावें, असा साधा नियम सभेनें स्वतःस घालून घेतला, तर पुष्कळ हत्ती दारांतूनच परत जातील. हद्दवाढीसही हाच न्याय लागू आहे. जळोची, तांदुळवाडी, रुई यांसारख्या लगतच्या वस्त्या बारामतींत आल्या तेव्हां शहर मोठें झालें. नव्या वस्तीला पाणी, दिवा आणि रस्ता पहिल्या दिवसापासून हवा असतो. तेथील घरांची मोजणी, आकारणी आणि सुनावणी होऊन पट्टी हातीं येण्यास मात्र वर्षें लागतात. त्या मधल्या वर्षांचा खर्च जुन्या पेठेनेंच सोसावयाचा असतो, आणि ही गोष्ट जुन्या पेठेस आधीं सांगितलेली बरी.

शिलकी अंदाजपत्रक म्हणजे उत्तम कारभार, असाही एक समज आहे. यासंबंधीं नामदार गोखले यांचें उदाहरण आठवण्यासारखें आहे. १९०२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत केलेल्या पहिल्याच अंदाजपत्रकीय भाषणांत त्यांनीं सरकारच्या मोठ्या शिलकेवर बोट ठेवलें: प्रजा दुष्काळानें गांजलेली असतां तिजोरी भरलेली असणें हें कर्तृत्वाचें नव्हे, तर गरजेपेक्षां अधिक कर घेतल्याचें लक्षण आहे. त्याच सुमारास हे गृहस्थ पुणें म्युनिसिपालिटीचे अध्यक्षही होते. साम्राज्याचा हिशेब तपासणारा मनुष्य नळागटाराचा हिशेबही तितक्याच बारकाईनें पाहत होता, ही गोष्ट बोधप्रद आहे. नगरपरिषदेच्या बाबतींत शिलकेचा अर्थ बहुधा असा असतो कीं मंजूर कामें झालींच नाहींत. दिव्यांगांसाठीं, महिला व बालकल्याणासाठीं ठेवावयाच्या पांच पांच टक्क्यांच्या रकमा वर्षअखेर तशाच पडून राहतात, आणि त्या शिलकेंत मिसळून शिलकेची शोभा वाढवितात. न दिलेल्या मदतीला काटकसर म्हणणें हा हिशेबाचा अपमान होय.

त्याच पुणें म्युनिसिपालिटींत गोखल्यांच्या आधीं एका सभासदानें खर्चाच्या प्रश्नावर एकट्यानें उभें राहून दाखविलें होतें. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळांत तेथें सभासद होते. १८८० सालीं गव्हर्नर-जनरल लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतास एक हजार रुपये खर्चण्याचा विचार निघाला. फुल्यांनीं त्यास विरोध केला. करदात्यांचा पैसा अशा शोभेवर न घालतां गोरगरिबांच्या शिक्षणावर घालावा असें त्यांचें म्हणणें होतें. ठराव संमत झाला. विरोधी मत एकच पडलें. पण अंदाजपत्रकाची सभा कशासाठीं असते याचा याहून स्पष्ट दाखला सांपडणार नाहीं. आंकडे जुळविण्याचें काम लेखापालाचें. अमुक हजार येथें न घालतां तेथें घाला, असें करदात्याच्या वतीनें उठून सांगणें हें सभासदाचें काम. आणि तें काम कोणताही अधिकारी, तो कितीही प्रामाणिक असला तरी, त्याच्याऐवजीं करूं शकत नाहीं.

हा मुद्दा केवळ तात्त्विक नाहीं. राज्यांतील बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली. आरक्षणाच्या वादामुळें निवडणुका लांबत गेल्या, आणि सुमारें चार वर्षें प्रशासक कारभार पाहत राहिले. बारामती आणि इंदापूर यांसही हें चुकलें नाहीं. २०२५ च्या डिसेंबरांत निवडणुका झाल्या आणि सभागृहें पुन्हां भरलीं. मधल्या काळांत अंदाजपत्रकें तयार झालीं, मंजूरही झालीं. मात्र मांडणारा आणि मंजूर करणारा यांत भेद राहिला नाहीं. कामें थांबलीं असें नव्हे; कित्येक ठिकाणीं तीं अधिक वेगानेंही झालीं असतील. परंतु पट्टी वाढली तर कोणास जाब विचारावयाचा, आणि माझ्या गल्लींतलें गटार यादींत कां नाहीं हें कोणास विचारावयाचें, या प्रश्नांस त्या काळांत उत्तर नव्हतें. कर देणारा आणि खर्च करणारा यांच्यामध्यें जो एक मनुष्य हवा असतो, तोच नव्हता.

सभागृह भरलें म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. सभासद एकदा निवडून दिला कीं पांच वर्षें निजावयास मोकळीक, ही समजूत आतां जगांत सर्वत्र मागें पडत आहे. ब्राझील देशांतील पोर्तो अलेग्रे या शहरानें १९८९ सालीं नागरिकांच्या सभा भरवून अंदाजपत्रकांतील कामें लोकांकडूनच ठरवून घेण्याची पद्धति सुरू केली. ती पुढें अनेक देशांत गेली. पुणें महानगरपालिकेनें २००६ पासून नागरिकांकडून त्यांच्या प्रभागांतील कामें सुचवून घेण्यास सुरवात केली. पुण्यासारख्या अवाढव्य शहरांत जें अवघड आहे तें २५ हजारांच्या किंवा लाखाच्या आंतल्या गांवांत किती सोपें आहे! बारामतीच्या भिगवण रस्त्यावरचा दुकानदार आणि इंदापूरच्या पेठेंतला शिक्षक यांस आपला सभासद ठाऊक असतो, त्याचें घर ठाऊक असतें, आणि कोणता नळ गळतो हें तर अभियंत्यापेक्षांही अधिक ठाऊक असतें. उणीव आहे ती एवढीच कीं फेब्रुवारींतल्या सभेस प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या असतात.

अशा वेळीं सुशिक्षित घरांनीं निदान चार आंकडे मागून घ्यावे. गेल्या वर्षीं घरपट्टीची मागणी किती आणि वसुली किती? पाण्यावर खर्च किती आणि पाणीपट्टी किती? नोकरवर्ग, वीज आणि देखभाल भागविल्यावर स्वतःच्या उत्पन्नांतून नव्या कामास काय उरतें? आणि वर्षअखेर दाखविलेल्या शिलकेंत परके पैसे किती? एका पोस्टकार्डावर मावतील इतके हे आंकडे आहेत. ज्या शहरांत ते दरवर्षीं चावडीवर, वाचनालयांत आणि शाळेंत टांगले जातील, त्या शहरांत सभासदास १६० चा खोटा आंकडा मांडावयास धीर होणार नाहीं, आणि नागरिकासही पट्टी न भरतां रस्ता मागण्यास संकोच वाटेल.

बारामतीची तिजोरी मोठी आणि इंदापूरची लहान, हा फरक राहणारच. कालव्याच्या आवर्तनाची चिंता एकास आणि विजेच्या बिलाची दुसऱ्यास, हाही राहणार. परंतु स्वातंत्र्याची कसोटी दोघांस एकच आहे. जें शहर आपला रोजचा खर्च आपल्या पट्टींतून भागवितें, त्यासच कोणतें अनुदान घ्यावें आणि कोणतें नाकारावें हें ठरवितां येतें. जें भागवूं शकत नाहीं त्याचें अंदाजपत्रक, तें छापलें कोठेंही जावो, दुसरीकडेच लिहिलें जात असतें.